आकडे माझे नव्हते

सबमिट दाबायचं तेवढं बाकी होतं, आणि मॅडम म्हणाल्या, "थांब. हे आकडे कुठून आणलेस?"

मांडीवर माझी पोर झोपलेली, तिला घट्ट धरलं.

मी पेणजवळच्या हमरापूरची. नववीपर्यंत शाळा. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते, मंडळांच्या पाट्या ब्रशनं लिहिते. रोह्याला मॅडमचा कॉम्प्युटर क्लास हाय, त्यांनीच माझ्या अक्षरांचा फॉन्ट करायला शिकवलं. फॉन्ट म्हणजे टाइप करताना उमटतात त्या अक्षरांचा साचाच समजा. तो एका वेबसाइटवर विकायला ठेवायचा, पण आधी अर्ज. ते तपासणार, मग घेणार. एकदा नाय म्हणाले तर वर्षभर परत अर्ज नाय.

"शून्य ते नऊ आकडे नेटवरच्या एका फॉन्टातून घेतले," मी म्हटलं. "पण जाड केले ना."

"म्हणजे दुसऱ्याचेच."

"मॅडम, आमच्यात एखाद्याची मूर्ती आवडली की त्याला विचारून रबराचा साचा काढतात. मुकुट बदलला की मूर्ती आपली."

"विचारून ना? याला विचारलंस?"

कोणाला विचारायचं तेच माहीत नव्हतं.

"इथं पहिलीच अट हाय, सगळं स्वतःचं पाहिजे. हे लोक रेषेला रेष लावून बघतात, सुजाता."

अर्ज तसाच ठेवून मी पेणची गाडी धरली. वाटलं, झालं, संपलं, कशाला या भानगडीत पडले!

घरी सासूबाई म्हणाल्या, "रडतेस काय गो? दहाच तर आकडे. पोरीला दे इकडं, नि बस."

बसले. चार दिवस कारखान्यातनं आले की तेच. बाकीचे आले, पण पाच काय जमेना. सासूबाईंनी कागद उचलला. "हा पाच हाय? मला तर बसलेला बेडूक वाटतोय." मला राग आला नि हसूपण आलं. मग डोक्यात आलं, पाटीवर लिहिताना मी बसते कुठं? उभी असते. कागद भिंतीला लावला, उभ्यानं हात फिरवला, आला पाच! अक्षरांच्या शेजारी ठेवला तर त्यांचाच भाऊ दिसत होता.

अर्ज गेला. आठ दिवसांनी मॅडमचा फोन, "त्यांनी हातानं काढलेले मूळ कागद मागितलेत. हायत ना?"

हायत म्हणजे! फोटो काढून सगळे पाठवले, बेडकासकट.

फॉन्ट घेतला त्यांनी. फॉन्टच्या नावापुढं माझं नाव हाय, नववी पास बाईचं, आणि आतले आकडेपण माझेच.

आता क्लासला येणाऱ्या बायका विचारतात, अर्ज कसा भरायचा? मी सांगते, पहिल्यांदा कच्चे कागद जपा, चुलीत घालू नका. आणि दुसऱ्याचं काय घेतलं असेल तर आधीच काढून टाका. 'थोडंच घेतलंय' असं लिहायला त्या फॉर्मात रकाना नाय.