पणजीचा बाप

विल्डाला त्रेसष्टाव्या वर्षी एकच ध्यास उरला होता: आईने डोळे मिटायच्या आत तिला मंडळात घेतलं पाहिजे. आमच्या केंटकीच्या डोंगरात मंडळं ढिगाने आहेत, पण नुसतं मंडळ म्हटलं की ते एकच, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या शिपायांच्या लेकीबाळींचं. बँकवाल्याची बायको, डॉक्टरांची बायको, असल्या बायका त्यात. बाकीच्यांनी रक्ताचा पुरावा आणायचा, एकेक पिढी जोडून दाखवायची, आणि मग दार वाजवायचं. विल्डाची आई ऑर्फा चाळीस वर्षं त्या दाराशी होती, पण सँडविचचं ताट घेऊन. त्यांच्या चहापानाचं खाणं तीच करायची, विल्डा हाताखाली. आतल्या टाळ्या दोघींना स्वयंपाकघरात ऐकू यायच्या.

आणि गंमत बघा, ऑर्फाचा पणजोबा जोसाया टॅकेट शिपाईच होता. तिच्या बापाने त्याच्या कबरीवर तसं कोरूनच घेतलं होतं. पण नुसता कोरलेला दगड मंडळाला पुरावा म्हणून चालत नव्हता. मे महिन्यात आमच्याकडे कबरींना फुलं वाहायचा रविवार असतो. सगळं गाव टेकडीवर चढतं, दगड धुतं, फुलं ठेवतं आणि तिथेच चादरी अंथरून तळलेल्या कोंबडीवर ताव मारतं. ऑर्फा दरवर्षी शेजारच्या ओबडधोबड दगडावर बादली टेकवायची आणि जोसायाचा दगड खालून वर घासत न्यायची, म्हणजे ओघळ राहत नाहीत. ते काम तिने दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही.

आता ऑर्फा एक्याण्णव वर्षांची होऊन वृद्धाश्रमात पडली होती. दोन पावलं टाकली की धाप. विल्डाचं रडणं मागच्या वर्षीच संपलं होतं. पायाला मुंग्या आल्या की तो आपला वाटेनासा होतो ना, तसं तिचं सगळ्या जिवाचंच झालं होतं. ती येई, आईचे केस विंचरी, चार घास भरवी, घरी जाई.

मंडळाचे पुरावे तपासायच्या लॅथ्रप बाई. बाई सरळ. फेब्रुवारीत विल्डाने दिलेले कागद तपासून त्यांनी तिला घरी बोलावलं, कॉफी दिली आणि सांगून टाकलं. लढला तो जोसाया म्हणजे काका. तो छावणीतच तापाने गेला, ना बायको ना पोर. काकाचं नाव पुतण्याला ठेवायची आमच्याकडे खोडच आहे. ऑर्फाचा पणजोबा तो पुतण्या, आणि लढाई संपली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

"पण घाबरू नका," लॅथ्रप बाई म्हणाल्या. "त्याच्या बायकोचा बाप, इनॉस गेहार्ट, तो लढलाय. तुमच्या आईचा धागा पणजीकडून अगदी पक्का आहे."

ते इतकी वर्षं कुणी पाहिलंच नव्हतं. आमच्यात वंश म्हणजे आडनाव. पणजी कुणाची लेक, हे कोण कशाला विचारतंय?

विल्डा आईला काही बोलली नाही. म्हातारीला आता वाचता येत नव्हतं. विल्डाने अर्जावर सही कुठे करायची ते बोट धरून दाखवलं. "जोसायाचंच ना?" ऑर्फाने विचारलं. विल्डा "हो" म्हणाली. खोटं बोलल्याचंही तिला काही वाटलं नाही. मंडळाचा बिल्ला आईच्या छातीवर लागला की झालं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

एप्रिलमध्ये मंजुरी आली. बायका नटूनथटून वृद्धाश्रमाच्या जेवणघरात जमल्या, लाल सरबत आणि बिस्किटं घेऊन. अध्यक्षीणबाईंनी ऑर्फाच्या निळ्या झग्यावर बिल्ला लावला. चाळीस वर्षांत विल्डा स्वयंपाकघराच्या पुढे कधी गेली नव्हती, म्हणून तिला एक गोष्ट ठाऊक नव्हती. बिल्ला लावला की पूर्वजाचं नाव मोठ्याने घेतात.

"इनॉस गेहार्ट यांची वंशज, ऑर्फा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. टाळ्या झाल्या.

"कोण?" ऑर्फा म्हणाली.

लॅथ्रप बाई वाकल्या. "तुमच्या पणजीचे वडील."

"आणि जोसाया?"

बायका सरबताच्या पेल्यात बघू लागल्या. शेवटी विल्डाच बोलली. "जोसाया शिपाई नव्हता, आई. तेव्हा पोरगं होतं ते. लढला त्याचा काका."

ऑर्फा तिच्याकडे वळली. "मग मी जन्मभर काय घासत होते गं?"

तिने बिल्ला ओढून काढला, झग्याचा धागा निघाला. तो विल्डाच्या हातात ठेवून ती खिडकीकडे तोंड करून बसली. विल्डाला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण तिला फक्त एवढंच कळलं, की सरबत फार गोड झालंय.

नंतर आईने तो विषय काढला नाही. तू मला फसवलंस, एवढं जरी म्हणाली असती तरी बरं झालं असतं. मग एका दुपारी विल्डा तिला ताकात कुस्करलेली मक्याची पोळी भरवत होती, तेव्हा ती एकदम म्हणाली, "विल्डे, माझ्या पणजीला कुठे पुरलंय, ठाऊक आहे?"

"नाही."

"आपण बादली ठेवतो ना, तो दगड."

मग तिने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. फुलांच्या रविवाराआधीच ती गेली. मातीला सगळं गाव आलं, आणि विल्डाने सगळ्यांना कॉफी वाढली.

रविवारी विल्डा एकटीच टेकडीवर गेली. पाणी आणलं आणि सवयीने बादली त्याच दगडावर टेकवली. मग उचलून गवतात ठेवली. दगडावर शेवाळ होतं, आणि मधोमध बादलीच्या बुडाएवढी गोल जागा झिजून स्वच्छ झालेली होती.

ती गुडघ्यांवर बसली आणि खालून वर घासू लागली. त्या दगडावर एक अक्षरसुद्धा नव्हतं, घासून उजळायचं असं काही नव्हतंच. तरी ती घासत राहिली, आणि घासता घासता तिला आईसाठी रडू आलं.