मशीनच्या जाळीतली लाल लव

खाणींच्या सुर्ल्यात ज्या घरी मशीन, त्या घरी अर्ध्या वाड्याचं धुणं आणि सगळ्या वाड्याचे किस्से! दोन्ही आपोआप साठतात. मी हसता हसताही घाबरते, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

मशीन बसवायला आलेल्या मेकॅनिकने टबातली जाळीची पिशवी दाखवली. "कपडे घुसळले की लव सुटते. पाणी बाजूने वर चढून या पिशवीतून पडतं. पाणी जातं, लव अडकते. दर धुण्याला पिशवी उलटी करून धुवा."

"नाही धुतली तर?"

"मशीन खोकायला लागेल, मॅडम!"

तो हसला. आत माझं बाळ खोकत होतं.

शेजारची शेवंता कोल्हापूरकडची, नवरा खाणीच्या ट्रकवर. त्याचे शर्ट माझ्या मशीनमध्ये धुतले, तर पिशवीतून खनिजाच्या धुळीचा लालभडक बोळा निघाला. "घ्या वहिनी, कुंकू विकत आणायला नको!" आम्ही पोट धरून हसलो. मग तीच म्हणाली, "ह्यांच्या छातीत कुठली ओ असली पिशवी?"

तेव्हापासून प्रत्येक बोळा खिडकीशी धरून मी रंग बघू लागले. नातवासाठी खाडीकाठच्या चोपड्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "गो बाये, पोराची शी बघतत! तू धुण्याची बघतंस?"

एकदा तर बोळा डबीत घालून डॉक्टरांकडे नेला. शिकलेली बाई मी! "पेशंट कोण? बाळ की मशीन?" म्हणत त्यांनी बाळाची छाती तपासली. "आज ठीक आहे. धुळीपासून जपा."

त्यातलं 'आज' तेवढं मी घरी घेऊन आले.

मग काय! खिडक्या बंद, फटींना ओले पंचे, बाळ घराबाहेर नाही. त्याची लंगोटी-टोपडी वेगळी धुवायची, पंख्याखाली वाळवायची. सासूबाई कपाळावर हात मारायच्या. "लोणच्यासारख्या बरणयेत घाल मगे पोराक!"

परवा मशीन रिकामं फिरवून धुतलं, कोरी पांढरी पिशवी लावली आणि नुसते बाळाचे कपडे घातले. धुणं संपल्यावर सासूबाईंनीच पिशवी ओढून काढली. "हाड हकडे, दाखयतंय तुका. काय्येक नसतला!"

त्यांनी पिशवी तळहातावर उलटी केली.

तळहात लाल झाला.

बाहेर खनिजाच्या ट्रकांची रांग चाललीच होती. सासूबाईंनी हात पदराला पुसला नाही, तसाच अधांतरी धरला. दुसऱ्या हाताने बाळाची दुपटी गोळा करू लागल्या.

"चोपड्याक जावची बस कितक्या वाजता गो?"