चार वाजताची नदी

आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात एकही चूक केलेली नाही, हे सदाशिव पेठेत बहुतेकांना ठाऊक आहे. कारण मामांनी ते प्रत्येकाला जातीने सांगितलेलं आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना, निरोपाच्या भाषणात आभार मानायचे सोडून त्यांनी साहेबांच्या भाषणात तीन दुरुस्त्या सुचवल्या होत्या. वाहतं पाणी दिसलं की ते मोजल्याशिवाय या माणसाला चैन पडत नाही. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली तर आपण पंप बंद करायला धावतो. मामा आधी घड्याळ बघतात. एका लग्नात त्यांनी आमरस वाढणाऱ्याला थांबवून "या वेगाने तिसरी पंगत कोरडी जाईल" असं बजावलं, आणि ती गेली. मामी म्हणतात, "बादली किती वेळात भरते ते यांना विचारा. ती उचलतं कोण, ते मला विचारा."

निवृत्तीनंतर एका कंपनीने त्यांच्याकडे हिमाचलातल्या एका आडबाजूच्या नदीवरच्या वीजप्रकल्पाची आखणी सोपवली. मोठं धरण नाही, साठवण नाही. छोटा बंधारा घालून वाहतं पाणी बोगद्यात वळवायचं, डोंगराखाली टर्बाईनवर सोडायचं आणि तिथून पुन्हा नदीत. मामांचे गुडघे तिथवर जाण्यासारखे नव्हते. म्हणून पाण्यात रोवलेली मोजपट्टी रोज वाचून आकडा फोनवर सांगायचं काम नदीकाठच्या एका बाईंना दिलं. वेळ अर्थातच मामांच्या सोयीची. सकाळी पूजा, पेपर आणि पेपरातल्या चुका. एक ते चार झोप. "बरोब्बर चार वाजता. आधी फोन आला तर मी उचलणार नाही." चार वर्षं बाई चार वाजता पट्टी वाचत राहिल्या आणि मामा चहाचा कप हातात धरून आकडा वहीत उतरवत राहिले. त्या आकड्यांवर बंधारा ठरला, बोगदा ठरला. अंतिम अहवालावर सही करायच्या आदल्या दिवशी मी नेमका तिथे चहाला होतो. फोन आला. मामा खुशीत होते.

"ताई, अब कल से आपको छुट्टी. पानी बहुत अच्छा है आपका."

"शाम को अच्छा है साहब," बाई म्हणाल्या. "सुबह तो बकरियाँ पैदल पार करती हैं."

मामांनी कप खाली ठेवला. दिवसभराच्या उन्हाने वर बर्फ वितळतं, ते पाणी दुपार कलताना पट्टीपाशी पोचतं. सकाळी नदी निम्मीही नसते. ज्यांचा जन्म दख्खनच्या कालव्यांवर गेला, त्यांना नदीलाही सकाळ-संध्याकाळ असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायची सोय तरी कुठे ठेवली होती?

"सुबह खेत को पानी कहाँ से जाता है?" मामांनी हळूच विचारलं.

"उसी नदी से. और कहाँ से, साहब?"

म्हणजे सकाळचं ते उरलंसुरलं पाणी बोगद्यात, आणि बाईंची शेतं कोरडी. मी घाईघाईने म्हणालो, "अहो मामा, कंपनी तपासेल की!"

"मग मला कशाला नेमलंय?" असं म्हणून मामांनी कागद ओढला. पत्र चार ओळींचंच होतं. शेवटची ओळ : "मोजमापाची वेळ चुकली. चूक माझी आहे. या आकड्यांवर प्रकल्प उभारू नये." मी ती दोनदा वाचली आणि खाली सही तपासली. मामींनी चष्मा लावून वाचली आणि मटकन पलंगावर बसल्या.

"अहो, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

कंपनीने मामांचे आभार मानले, आणि काम काढून घेतलं. प्रकल्प बारगळला. चारचा फोनही थांबला. दोनेक महिन्यांनी बाईंनी मामांच्या फोनवर पहाटेच्या नदीचं चित्रण पाठवलं, ते कसं लावायचं म्हणून मला बोलावणं आलं. दगडधोंड्यांमधून पाण्याच्या दोन-तीन बारीक धारा. चार वर्षं मोजलेली नदी मामा पहिल्यांदाच बघत होते.

"एवढीच आहे हो," ते म्हणाले. मी फोन ठेवायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"जावईबापू, आवाज जरा वाढवता येतो का याचा?"