तिथीचा वर्ग

पनवेलजवळच्या ज्या कारखान्यात मला पहिली नोकरी लागली, तिथल्या कार्मिक अधिकाऱ्यांनी एक योजना काढली होती. शनिवारी अर्ध्या दिवसाने काम सुटलं की आम्ही पाचसहा जणांनी कंपनीच्या जीपने करंजाला जायचं आणि बंदरावरच्या दहावीच्या मुलांना चार ते सहा गणित-इंग्रजी शिकवायचं. माझं नाव मीच पहिल्यांदा दिलं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. गावच्या शाळेतल्या एका मास्तरांनी सुट्टीतही मला फुकट शिकवलं होतं. ते देणं कुठेतरी फेडावं असं वाटे.

हजेरीपट माझ्याकडे होता. जागा वीसच आणि येऊ पाहणारी मुलं जास्त, म्हणून आम्ही नियम केला: तीन शनिवार चुकले की नाव कमी. नियमाचा आग्रह माझाच होता. शाळेत मी कधी गैरहजर राहिलो नव्हतो, त्याचा मला अभिमान होता.

एक मुलगी एका शनिवारी येई, पुढच्या शनिवारी नाही. गणितात ती आधीच एकदा नापास झालेली, मार्चमध्ये पुन्हा बसणार होती. या वेळी राहिली तर शाळा सुटणार, असं तिच्या घरात ठरलं होतं. तिसऱ्या गैरहजेरीला मी तिच्या नावावर शाईने रेघ मारली आणि सहा वाजता वर्ग सुटल्यावर सांगायला धक्क्यावर गेलो. ती आईशेजारी उकिडवी बसून मासळी निवडत होती.

मी नियम सांगितला. आईने मान वर केली नाही. "मास्तर, तुमी घड्याळ बघून येता. होडी पाणी बघून येते. मासळी काय तुमच्या सुट्टीची वाट बघनार हाय?"

मी मुलीला म्हटलं, निदान आधी सांगायचं तरी. तिने विचारलं, "सर, आज तिथी कोणती?"

मला माहीत नव्हतं.

"पंचमी," ती म्हणाली. "तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. पावणेचारला भरती. होड्या तवाच आत येतात. पुढल्या शनिवारी बारस, भरती सकाळी नऊला. त्या दिवशी मी येनार. त्याच्या पुढल्या शनिवारी परत हेच."

हे सगळं तिने हातातला मासा खाली न ठेवता सांगितलं. त्रैराशिकाला वर्गात फळ्यासमोर गप्प उभी राहणारी हीच मुलगी. बंदरावरच्या मुलांचा वर्ग आम्ही कारखान्याच्या सुट्टीवरून ठरवला होता आणि भरती कधी येते हे एकालाही विचारलं नव्हतं.

सोमवारी मी अधिकाऱ्यांना भेटलो. ते भले गृहस्थ. म्हणाले, वेळ बदला, पण रविवारी जीप मिळणार नाही. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांनी माझी थट्टा केली, की आता पंचांग बघूनच कामावर ये. तरी दोघे तयार झाले. भरती शनिवारी दुपारची असेल त्या आठवड्यात आम्ही रविवारी सकाळी एसटीने जाऊ लागलो. मार्चपर्यंतचं वेळापत्रक भिंतीवरच्या कॅलेंडरवरून त्या मुलीनेच करून दिलं. मी ते घरी पडताळून पाहिलं, दोन ठिकाणी वेगळं आलं. चूक माझी होती.

हजेरीपटात रेघ पुसता येईना, म्हणून तिचं नाव शेवटी, एकविसाव्या ओळीत लिहिलं.

फेब्रुवारीत तिची आई वर्गाच्या दाराशी आली. आत न येताच तिने परीक्षेच्या तारखा विचारल्या. मी एकेक वाचत गेलो, ती मुलीकडून तिथी विचारून घेत बोटं मोजत राहिली.

"दोन पेपर भरतीच्या टायमाला हायेत," शेवटी ती म्हणाली. "गनिताचा त्यातलाच. त्या दोन दिवशी मी एकटी निवडीन."

गणिताच्या पेपरला मी रजा टाकून गेलो होतो. मुलगी केंद्रात शिरल्यावर धक्क्यावर आलो. होड्या लागत होत्या आणि आई दोन पाट्या पुढे घेऊन एकटीच बसली होती.