शनिवारी खाल्लेली दही-भाकरी

आज सकाळी मारुतीची पूजा आटोपली आणि मी पोटभर दही-भाकरी खाल्ली. शनिवार असूनही!

उणकलहून आलेली माझी थोरली बहीण कडाडली, "आपल्या अप्पांनी लावून दिलेला उपवास मोडलास? मारुतीला काय सांगशील?"

"त्याला आधीच सांगितलंय, अक्का. तूच उरली होतीस."

मित्रांनो, डॉक्टरांचं ऐकून चहा कमी केला, दिवेलागणीला जेवू लागलो, तशी छातीतली जुनी जळजळ थांबली. फक्त शनिवारी ती परत यायची. दिवसभर उपाशीपोटी चहा, रात्री साबुदाणा वडे, मग आंबट ढेकरांत जप अडकायचा.

अक्का रुसून गेली, वाईट वाटलं. पण आज संध्याकाळी माळ एकदाही न थांबता पूर्ण झाली. यात मारुतीनं रागवावं असं काय आहे, तुम्हीच सांगा. शनिवारचा उपवास मी आजपासून बंद केला आहे.