फायलींमागची पांढरी साडी

आईची पांढरी साडी मी चोरली. याला दुसरा शब्द मला सापडत नाही. तिचं दुखणं आता आवरणार नाही असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याच आठवड्यात मी तिच्या बॅगेतून साडी काढली आणि ऑफिसच्या कपाटात जुन्या फायलींमागे ठेवून कुलूप लावलं.

ती साडी दफनाची होती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात चर्चच्या मंडळीतली कुणी बाई प्रभूमध्ये निजली, म्हणजे वारली, की तिला अंघोळ घालून साडी नेसवायला आईला बोलावणं यायचं. पुष्कळदा आई त्याआधीच तिथे असायची. आजारी बाईच्या उशाशी बसून सरळ विचारायची, "कोणती नेसवू गं? गाणं कोणतं म्हणायचं?" बायका रडायच्या, डोळे पुसायच्या आणि साडी सांगायच्या. स्वतःसाठी तिने बारीक निळ्या काठाची साडी धुऊन, डांबरगोळ्या घालून ठेवली होती. उपचारांसाठी मी तिला चंडीगडला, माझ्या नोकरीच्या गावी, आणलं तेव्हा ती साडीही सोबत आली.

मी मात्र तिला मरणाचा विषय काढू देत नव्हतो. "आई, विश्वास ठेव. असं बोलणं म्हणजे अविश्वास." इथल्या प्रार्थनेच्या गटालाही मी बजावलं होतं, फक्त बरं होण्यासाठी प्रार्थना करा. रविवारी दुपारी ते यायचे, हिंदीत आणि पंजाबीत मोठमोठ्याने प्रार्थना करायचे. आई हात जोडून ऐकायची. एकदा सगळे गेल्यावर म्हणाली, "आरं, तुझ्या देवाला कमी ऐकू येतं का?" मला हसू आलं नाही. मी पुन्हा बायबलमधलं बरं होण्याचं तेच वचन वाचून दाखवलं.

असे पाच आठवडे गेले. मग एका सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा मुलगी फाटकापर्यंत आली. ती कॉलेजात आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते.

"पापा, आजी की सफेद साडी कहाँ है? आप जाते हो ना, तो वो रोज ढूँढती है. बेड के नीचे भी."

"असलं काही ती तुला कशाला सांगते?"

"तो किस को बताए? मैंने पूछा, आजी, डर लगता है? बोली, थोडी वाटते. फिर बोली, तुझ्या बापाला जास्त वाटते."

त्या दिवशी माझ्या हातून एकही फाईल हलली नाही. जिने गावातल्या एकाही बाईला एकटं मरू दिलं नाही, ती माझ्या घरात, माझ्या प्रार्थनांच्या गलबल्यात, एकटी होती.

याला आता दोन हिवाळे झाले. त्या दिवसाच्या संध्याकाळनंतर आम्हाला नऊ दिवस मिळाले. बाबांच्या शेवटच्या रात्रीबद्दल तिने सांगायला घेतलं होतं, ते अर्ध्यावरच राहिलं. बायकोने आणि मुलीने तिला साडी नेसवली. थंडीतलं ऊन आमच्या क्वार्टरच्या अंगणात आलं की तिची खुर्ची मी अजून बाहेर काढतो. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, तिथे ती भेटेल. तरीही मला ते पाच आठवडे हवे आहेत, इथले, या खुर्चीवरचे.

त्या संध्याकाळी मी साडी घरी आणली, इस्त्री केली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिने काठ चाचपला, साडी नाकाशी नेली.

"कागदांचा वास मारतोय हिला. सरकारी झाली की रं माझी साडी!"

कुठे होती, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्या पायांशी फरशीवर बसलो.

"आई, चुकलो. तू जाणार हे मला ऐकवत नव्हतं, म्हणून मी तुला बोलू दिलं नाही. वर देवाचं नाव पुढे केलं. मला माफ कर." तिचा हात माझ्या डोक्यावर आला होता, म्हणून पुढचं जमलं. "आता सांग, गाणं कोणतं म्हणायचं?"