गुलाबी फीत

भागिरथी कुणावर पटकन विश्वास ठेवत नसे. राहात्याजवळच्या साखर कारखान्यात ती केमिस्ट होती. तिथल्या प्रयोगशाळेत ती एकटीच बाई. तपासायच्या रसाच्या बाटलीला ती बूच लावी, वरून दोरा गुंडाळी आणि स्वतःची गाठ मारी. गाठ सुटलेली दिसली की रस बदलला असेल म्हणून तो ओतून देई आणि नवा मागवी. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. मी मराठी घेऊन बी. ए. झाले, ती बी. एस्सी. तिचा संशयी स्वभाव हा माझ्या थट्टेचा विषय होता.

१९७१ साली, गळीत हंगाम सुरू होण्याआधी, नगरला साखरतज्ज्ञांची परिषद भरली. भागिरथी तिथे निबंध वाचणार होती; नियमाप्रमाणे त्याची एक प्रत तिच्या साहेबांकडे होती. कारखान्याच्या गाडीतळावर बैल जुंपून ताटकळलेल्या गाड्यांतल्या उसातली साखर कशी घटते, यावर दोन हंगाम तिनं काम केलं होतं. एकट्या बाईला लॉजवर खोली मिळेना, म्हणून ती आमच्या नगरच्या घरी उतरली. सकाळी सोबतीला मी गेले.

सभागृहाच्या दारातल्या टेबलापाशी एक माणूस येणाऱ्यांच्या छातीला फिती लावत होता. पुरुषांना निळी. आम्हा दोघींना त्यानं गुलाबी दिली.

"निळी कशाची?" भागिरथीनं विचारलं.

"प्रतिनिधींची. गुलाबी मंडळींची."

"मी कुणाची मंडळी नाही. निबंध वाचायला आलेय."

"असू द्या हो ताई. रंगात काय आहे!"

तेवढ्यात तिचे वरिष्ठ, सूर्यभान साहेब, आले. फार गोड बोलले. "भागिरथीबाई, तुमचा नंबर दुपारी चारला. तोवर बायकांची बस शिंगणापूरला निघालीय. दर्शन करून या निवांत."

"काल तर सकाळचा म्हणाला होतात."

"बदललं. मोठ्या पाहुण्यांना घाई आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "चल गं. सगळ्यांच्या बाटल्या बदललेल्या नसतात." ती हसली नाही. पण बसमध्ये चढली. निबंधाची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

बस भरली. पुढच्या बाकावरच्या बाईंनी मागे वळून विचारलं, "तुमचे मिस्टर कुठल्या कारखान्यात?"

"मीच कारखान्यात आहे."

"अय्या! टायपिस्ट?"

"केमिस्ट."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखी? मग घरी स्वयंपाक कोण करतं?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

पलीकडे छबूबाई बसल्या होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर नारळ. एका कारखान्याच्या चेअरमनची बायको. त्या हसल्या नाहीत.

"भाषन हाय व्हय तुजं?"

"हो. चार वाजता."

"कोन म्हनलं चार?"

"आमचे साहेब."

छबूबाईंनी नारळ बाजूला ठेवला. "मागं पुन्याच्या परिषदेला अशीच एक पोरगी आमच्या बशीत हुती. तिलाबी दुपार सांगितली हुती. आमी परत आलो तवर तिचं भाषन तिच्या साहेबानं उरकलं हुतं. मंग बसली आमच्यात, पापड मोडत."

बस सुरू झाली. भागिरथी उभी राहिली. "थांबवा."

ड्रायव्हरनं ऐकलं नाही. दिल्ली दरवाजा मागे पडला. तशा छबूबाई पदर तोंडाला लावून ओरडल्या, "ए बाबा, थांब! मला मळमळतंय!"

बस थांबली. त्या जागच्या हलल्या नाहीत. आम्हालाच म्हणाल्या, "उतरा की आता. काय बघताय!"

टांगा करून परतलो. मला वाटत होतं, सभागृहात दुसराच कुणीतरी स्वतःचा निबंध वाचत असेल आणि आम्ही वेड्यासारख्या दारात उभ्या राहू.

आत सूर्यभान साहेब माईकपाशी उभे होते. हातात टाइप केलेले कागद. अध्यक्ष सांगत होते, "भागिरथीबाईंची प्रकृती अचानक बिघडल्यामुळे त्यांचा निबंध साहेब वाचतील."

भागिरथी मधल्या वाटेनं चालत गेली. एक स्वयंसेवक आडवा आला. "ताई, महिलांची बस गेली." तिनं फीत उपटून त्याच्या हातात दिली.

साहेबांचा चेहरा क्षणभर उतरला, मग हसरा झाला. "अरे वा! बरं वाटतंय का आता?"

"मला काही झालंच नव्हतं."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "बाई, साहेब उभे राहिलेच आहेत. तुम्ही शेजारी बसा, म्हणजे झालं."

"मी उभी राहते," भागिरथी म्हणाली. "ते बसतील."

ते बसायला बराच वेळ गेला. पण बसले. तिनं पिशवीची गाठ सोडली. पहिलं पान तिनं मान खाली घालून वाचलं, दुसऱ्या पानावर मान वर केली. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या छातीवर अजून गुलाबी फीत होती.

टाळ्या पडल्या, फार नाही. आभार मानणाऱ्यानं 'साहेबांच्या मार्गदर्शनाखाली' हे शब्द घातलेच. जेवताना साहेब स्वतः पेढा घेऊन आले. "कुणीतरी मला चुकीचं सांगितलं हो. मनात ठेवू नका." खरं असेल का? मला आजही ठरवता येत नाही. भागिरथीनं पेढा घेतला, कागदात बांधला आणि खाल्ला नाही.

संध्याकाळी बस परतली. छबूबाई सावकाश पायऱ्या उतरल्या. आम्हाला बघून तिथंच थांबल्या.

"वाचलंस का?"

"वाचलं."

"हां," प्रसादाचं खोबरं तिच्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या. "मंग थांबली बाई माजी मळमळ."

ते खोबरं भागिरथीनं तिथंच खाल्लं.